चित्रकाराचा रियाज

(सुरत येथे मराठी लेखक, शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाची लिखित संहिता)



साहित्य शिकवणाऱ्या बाईने चित्रकलेवर का बोलावे, हा प्रश्न आपल्यापैकी काहींच्या मनात आला असेल. मी चित्रकार नाही आणि चित्रसमीक्षकही नाही. पण चित्रकलेविषयी आपण ज्या भाषेत बोलतो ती भाषा माझ्या अभ्यासाच्या कक्षेत येते, आणि त्या भाषेत एक मोठी उणीव आहे असे मला दिसते. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

गायक रोज गळा तयार करतो त्याला आपण रियाज म्हणतो. पहिलवान घाम गाळतो ती तालीम. नाटकाचीही तालीमच असते. चित्रकाराच्या रोजच्या मेहनतीला मात्र असा नेमका, सर्वांच्या तोंडी असलेला शब्द चटकन सुचत नाही. चित्र आवडले की आपण म्हणतो, ‘हात छान आहे’, ‘देवाची देणगी आहे’. तेच मूल रोज संध्याकाळी वही घेऊन बसले की म्हणतो, ‘रेघोट्या ओढतोय’, ‘कागद वाया घालवतोय’. म्हणजे फळ दिसले की ते देणगीचे, आणि मशागत दिसली की तो वेळेचा अपव्यय.

असे का झाले असावे? गायकाचा रियाज शेजाऱ्यांना ऐकू येतो. आवडो वा न आवडो, पहाटेचा षड्ज सगळ्या चाळीला ठाऊक असतो. चित्रकाराचा सराव मुका असतो. शिवाय पुरे झालेले चित्र आपल्यामागची मेहनत झाकून टाकते. मैफलीत गायकाचा दमसास आपल्यासमोर पणाला लागतो, तर भिंतीवर टांगलेल्या चित्रासमोर चित्रकार उभा नसतो. त्यामुळे ते चित्र जणू आपोआप उमलले असा आपला समज होतो.

पण मराठीचा जरा जुना थर उकरून पाहिला तर वेगळी साक्ष मिळते. ‘घोटणे’ हे क्रियापद पाहा. वैद्य खलात मात्रा घोटतो, चितारी रंग घोटतो आणि मूल पाटीवर अक्षर घोटते. खरबरीत पूड गुळगुळीत होईपर्यंत बत्ता फिरवणे आणि वळण येईपर्यंत तेच अक्षर पुन्हा पुन्हा काढणे या दोन्ही कामांना आपल्या पूर्वजांनी एकच शब्द वापरला. ‘गिरवणे’, ‘कित्ता’, ‘हात बसणे’, ‘हाताला वळण लागणे’, ‘नजर तयार होणे’ हे सगळे शब्द मेहनतीची भाषा बोलतात. हात ‘असतो’ असे ही भाषा म्हणत नाही. तो ‘बसतो’ आणि ‘वळतो’, म्हणजे त्याला वेळ लागतो. आपल्या बोलण्यातून हळूहळू ही जाण निसटली आणि ‘देणगी’ हा एकच शब्द उरला.

मला आज जे मांडायचे आहे ते थोडक्यात असे: चित्रकलेतली शिस्त चित्र घडवते हे खरे, पण त्याआधी ती पाहणारा माणूस घडवते. चित्र हरवले, जळाले, विकले गेले तरी तो माणूस उरतो. आणि देणगीच्या कल्पनेला चिकटून राहिल्यामुळे असा माणूस होण्याची संधी आपण असंख्य मुलांना नाकारतो. ही मुले बहुधा गरीब घरांतली असतात.

आता काही उदाहरणे.

पहिले उदाहरण महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे. जन्म १८६७, कोल्हापूर. १८९० साली ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले, तिथेच शिक्षक झाले आणि १९३१ साली निवृत्त झाले. या काळाचे त्यांनी लिहिलेले आत्मकथन १९४० साली प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे’. या शीर्षकाकडे साहित्याच्या विद्यार्थ्यांनी नीट पाहावे. एका चित्रकाराने आपल्या आयुष्याला नाव देताना त्यात एखाद्या गाजलेल्या चित्राचा उल्लेख केला नाही, मिळालेल्या सन्मानांचाही केला नाही. त्याने एक जागा सांगितली आणि तिथे घालवलेली वर्षे मोजली.

त्या काळच्या जे. जे.मधला शिक्षणक्रम आजच्या विद्यार्थ्याला कंटाळवाणा वाटेल. आधी छापील नमुन्यांवरून नक्कल, मग मुक्तहस्त रेखाटन, भूमिती, मग प्लास्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाशाचा अभ्यास आणि त्यानंतर केव्हातरी समोर बसलेला जिवंत माणूस. प्लास्टरचा पांढरा पुतळा दिवसचे दिवस काढत बसण्याने काय साधते? त्या पुतळ्याला रंग नसतो. त्यामुळे डोळ्याला रंगाचा आधार घेता येत नाही. नाकाची बाजू गालापेक्षा किती काळी, हनुवटीखालची सावली मानेवर कुठे संपते, हे केवळ उजेडाच्या पायऱ्या मोजून ठरवावे लागते. अशा पायऱ्या मोजायला शिकलेला डोळा पुढे आयुष्यभर तसाच पाहतो.

धुरंधरांच्या चित्रांत याचा प्रत्यय येतो. ऑटो रॉथफेल्ड यांच्या भारतातील स्त्रियांवरील इंग्रजी पुस्तकासाठी त्यांनी चित्रे काढली. हे पुस्तक १९२० सालचे. त्याआधी १९१४ साली किंकेड यांनी इंग्रजीत सांगितलेल्या दख्खनच्या व्रतकथांनाही त्यांचीच चित्रे होती. लुगड्याचा काष्टा मागून कसा दिसतो, डोक्यावर भार घेतलेल्या बाईची मान कशी ताठ राहते, गर्दीत उभा असलेला माणूस कोणत्या पायावर वजन टाकतो, हे सगळे त्या चित्रांत बिनचूक येते. हे आठवणीने येत नाही आणि प्रतिभेच्या झटक्यात तर नाहीच नाही. त्यांच्या मागे राहिलेली रेखाटने हजारोंच्या संख्येत आहेत आणि त्यांतल्या अनेकांवर तारखा घातलेल्या आहेत. रेखाटनावर तारीख घालणे ही सवयही शिस्तीचाच भाग म्हणायला हवी. वहीत दिवसाची नोंद करणाऱ्याला रिकामा गेलेला दिवसही दिसतो.

दुसरे उदाहरण अजिंठ्याचे. इथे बसलेल्या कित्येकांचे मूळ गाव खानदेशात आहे. उधना-जळगाव मार्गावरच्या गाडीने आपण वर्षातून दोन-चारदा ये-जा करतो आणि जळगावला उतरले की अजिंठा काही तासांच्या अंतरावर असते. पण अजिंठ्याच्या चित्रांइतकीच त्यांच्या नकलांची कथाही ऐकण्यासारखी आहे.

मेजर रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला ईस्ट इंडिया कंपनीने १८४४च्या सुमारास अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करायला नेमले. त्यांनी सुमारे दोन दशके ते काम केले. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडलेली त्यांची बहुतेक चित्रे १८६६च्या आगीत नष्ट झाली. गिल पुढे इथेच राहिले आणि १८७९ साली वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. मग १८७२ साली जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला गेले. हिवाळ्यात तिथे मुक्काम करायचा आणि अंधाऱ्या लेण्यांत उभे राहून भिंतीवरची रेष जशीच्या तशी कापडावर उतरवायची, असे हे काम १८८५पर्यंत अधूनमधून चालले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी या कामात होते. त्यांनी केलेल्या प्रतिकृतींचाही मोठा भाग १८८५ साली लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत जळाला. उरलेल्या साहित्याच्या आधारे ग्रिफिथ्स यांचा ग्रंथ १८९६-९७ साली निघाला.

दोनदा केलेले काम दोनदा आगीत गेले, म्हणजे ही मेहनत फुकट गेली असे म्हणायचे का? मला तसे वाटत नाही. वर्षानुवर्षे दुसऱ्याची रेष गिरवताना त्या विद्यार्थ्यांना कळले असेल की, ओठाची कड एका दमात ओढलेली आहे, बोटांची वळणे नृत्यातल्या मुद्रांसारखी आहेत आणि गेरू, पिवळी माती, काजळी, चुन्याचा पांढरा, हिरवी माती अशा मोजक्या रंगांतून एवढा संसार उभा राहिला आहे. पेस्तनजी बोमनजी पुढे स्वतः नावाजलेले चित्रकार आणि शिक्षक झाले. कापड जळाले, तरी त्या विद्यार्थ्यांची तयार झालेली नजर पुढच्या पिढीच्या वर्गात पोहोचली.

आणि ज्यांची रेष ते गिरवत होते त्या मूळ चित्रकारांची शिस्त तर याहून कडक असणार. खडबडीत कातळावर माती, भुसा आणि तंतू यांचा गिलावा चढवायचा, त्यावर चुन्याचा पातळ हात द्यायचा, तो सुकू द्यायचा आणि मगच रेषेला हात घालायचा. पाया कच्चा राहिला तर वरचे चित्र गळून पडणार. म्हणजे चित्र सुरू होण्याआधीच कितीतरी काम पुरे झालेले असायचे. त्या मंडळींनी आपली नावे मागे ठेवली नाहीत.

आपल्या परंपरेतही चित्रकला ही शिकण्याची विद्या मानली आहे. विष्णुधर्मोत्तर पुराणात राजा वज्र मार्कंडेय ऋषींकडे मूर्तिकला शिकायला जातो. ऋषी म्हणतात, आधी चित्र शिकायला हवे. चित्रासाठी नृत्य, नृत्यासाठी वाद्य आणि वाद्यासाठी गायन. राजा असूनही त्याला ही पायऱ्यांची वाट टाळता येत नाही. कामसूत्रावरील ‘जयमंगला’ या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग. यांतले भाव आणि लावण्य क्षणभर बाजूला ठेवू. उरलेली चारही अंगे, म्हणजे आकारांतला फरक ओळखणे, मापे, सारखेपणा साधणे आणि रंगांची हाताळणी, सरळसरळ सरावाने येणारी आहेत. सहांपैकी चार अंगे शिकता येतात, आणि तरीही आपण सगळी कला देणगीच्या खात्यावर टाकतो.

शिस्त म्हणजे केवळ जास्त काम करणे, असा गैरसमज होऊ नये म्हणून आणखी दोघांचा उल्लेख करते.

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचे चित्र आपण सर्वांनी कॅलेंडरवर का होईना, पाहिले आहे. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेक जण ते राजा रविवर्म्याचे समजतात. चित्रासाठी उभ्या राहिल्या होत्या हळदणकरांच्या कन्या गीता. हे चित्र जलरंगातले आहे, हे कळल्यावर त्याच्याकडे पाहण्याची आपली दृष्टी बदलते. तैलरंगात चूक झाली तर खरवडता येते, वरून दुसरा थर देता येतो. पारदर्शक जलरंगात तशी सोय जवळजवळ नसते. तिथे उजेड बाहेरून आणायचा नसतो. कागदाचा पांढरेपणा जिथे राखला जातो तिथेच तो राहतो. म्हणून चित्रकाराला पहिला हात देण्यापूर्वीच ठरवावे लागते की, कोणत्या जागेला शेवटपर्यंत हात लावायचा नाही. एक थर दिला की तो सुकेपर्यंत थांबावे लागते. घाई केली की रंग फुटतो आणि गढूळ होतो. हात आवरणे आणि थांबणे हीसुद्धा मेहनतच असते, पण ती कोणाला दिसत नाही.

वासुदेव गायतोंडे यांनी हे थांबणे टोकाला नेले. गायतोंडे १९२४ साली जन्मले, जे. जे.मध्ये शिकले आणि पुढे दिल्लीत एकटे राहून काम करत राहिले. ते वर्षाला मोजकीच चित्रे काढत. रोलर आणि रंगाची सुरी वापरून रंगाचे थर चढवायचे, काही काढून टाकायचे, पुन्हा चढवायचे आणि बाकीचा पुष्कळ वेळ नुसते बसून राहायचे. धुरंधरांची हजारो रेखाटने आणि गायतोंडे यांची थोडी चित्रे ही वरवर परस्परविरुद्ध उदाहरणे वाटतील. माझ्या मते दोघांत एक गोष्ट समान आहे. आपला दिवस कशासाठी आहे हे दोघांनी ठरवून टाकले होते आणि त्या ठरावाशी ते प्रामाणिक राहिले.

आता गुजरातकडे येऊ. सयाजीराव गायकवाडांनी १८९० साली वडोदऱ्यात कलाभवन स्थापन केले. त्याची धुरा सांभाळली प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी, आणि हे गज्जर आपल्या सुरतेचे. रसायनशास्त्राचा हा माणूस रंगकाम, विणकाम आणि चित्र यांना एकाच छपराखाली आणू पाहत होता आणि हे शिक्षण देशी भाषांतून द्यावे असा त्याचा आग्रह होता. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. हातांना लावायचे वळण मातृभाषेतून लावावे, हा विचार सुरतेच्या माणसाने सव्वाशे वर्षांपूर्वी केला होता, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा.

त्यानंतर साठ वर्षांनी, १९५० साली, वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात ललित कला विद्याशाखा सुरू झाली आणि तिथल्या चित्रकला विभागाची जबाबदारी नारायण श्रीधर बेंद्रे यांच्याकडे आली. बेंद्रे इंदूरचे मराठी. देवळालीकर मास्तरांच्या शाळेत घडलेले. १९६६पर्यंत ते वडोदऱ्यात होते. त्यांच्या शिकवण्याचे वैशिष्ट्य असे की, ते विद्यार्थ्यांसमोर स्वतः चित्र काढून दाखवत. गुरूचा रियाज शिष्याने प्रत्यक्ष पाहावा, ही संगीतातली रीत त्यांनी चित्रकलेच्या वर्गात आणली असे म्हणता येईल. कुठे हात थबकला, कोणता रंग लावून पुन्हा पुसला, हे विद्यार्थ्याला दिसले की त्याच्या मनातली देणगीची दंतकथा तिथेच गळून पडते.

काही जण म्हणतात, कडक शिस्त विद्यार्थ्याचा स्वतंत्र सूर मारते. बेंद्रे यांच्या विद्यार्थ्यांची नावे पाहा. ज्योती भट्ट, गुलाम मोहम्मद शेख, हकु शाह. एकाचे काम दुसऱ्यासारखे नाही. यांतले हकु शाह आपल्या भागातले, वालोडचे. तेव्हा वालोड सुरत जिल्ह्यात होते. पुढे त्यांनी गुजरातमधल्या आदिवासी आणि ग्रामीण कारागिरांच्या कलेचा आयुष्यभर अभ्यास केला. पक्का पाया मिळालेला माणूस त्यावर स्वतःला हवे तसे घर बांधतो. शिस्तीने सूर मरतो तो बहुधा तिथे, जिथे गुरूला आपल्याच प्रती काढायच्या असतात.

आता आपल्या शहरात येते. सुरत हे कापडाचे शहर आहे आणि कापडावरचे प्रत्येक फूल कोणीतरी आधी कागदावर काढलेले असते. माझ्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीचे वडील पूर्वी जकार्डसाठी आलेखाच्या कागदावर नक्षी भरायचे काम करत. तिने एकदा त्यांचे जुने कागद मला आणून दाखवले. बारीक चौकटींचा मोठा कागद, त्यात ब्रशने भरलेला एकेक चौकोन. एक चौकोन म्हणजे ताण्या-बाण्याची एक गाठ. त्यावरून पुठ्ठ्यांना भोके पाडली जात आणि त्या पुठ्ठ्यांच्या हुकमाने मागावर नक्षी उमटे. चौकोन चुकला तर चूक एका जागी राहत नाही. नक्षी जितक्या वेळा फिरून येईल तितक्या वेळा ती कापडावर येते. ‘बाबांचे डोळे त्यामुळे गेले,’ असे ती म्हणाली. आणि पुढे असेही म्हणाली, की बाजारात साडी पाहिली की ते अजूनही दुरून सांगतात, बुट्टा कुठे बसला नाही ते.

या माणसाला आपण चित्रकार म्हणत नाही. त्याच्या कागदावर त्याची सही नसते. पण त्याची नजर धुरंधरांच्या विद्यार्थ्याइतकीच घोटलेली आहे. इथे मला प्रभाकर बरवे आठवतात. बरवे जे. जे.मधून बाहेर पडल्यावर विणकर सेवा केंद्रात नोकरीला लागले, आधी बनारसला आणि नंतर मुंबईत. कापडासाठी नक्षी करण्याची ती नोकरी त्यांनी बरीच वर्षे केली आणि तिच्या बरोबरीने स्वतःची चित्रे काढली. घड्याळ, पान, शंख, किल्ली अशा साध्या वस्तू मोकळ्या सपाट पृष्ठभागावर ठेवून त्यांच्यातले अंतर बोलके करणारी ती चित्रे. एखादा आकार एकटा उचलून मोकळ्या जागेत कुठे ठेवायचा, हा नक्षीकाराचा रोजचाच प्रश्न असतो. त्या नोकरीने बरव्यांच्या चित्राला काहीतरी दिले असावे असे मला वाटते. ‘कोरा कॅनव्हास’ हे त्यांचे १९९० सालचे पुस्तक प्रत्येक मराठी लेखकाने वाचावे. चित्राच्या घडण्याविषयी इतक्या संथपणे आणि स्पष्टपणे मराठीत फार थोड्यांनी लिहिले आहे.

पण इथे एक कठीण प्रश्न येतो आणि तो टाळून चालणार नाही. नक्षी भरणारे वडील आणि बरवे, दोघांनीही वर्षानुवर्षे मेहनत केली. एकाची साधना झाली आणि दुसऱ्याची मजुरी. असे का? केवळ प्रतिभा कमी-जास्त म्हणून? मला दोन कारणे दिसतात.

पहिले असे, की मेहनतीत प्रश्न विचारायला जागा असेल तरच तिची साधना होते. तोच बुट्टा दहा तास भरणाऱ्याला ‘हा इथेच का?’ असे विचारण्याची मुभा नसते. दुसरे कारण अधिक व्यावहारिक आहे. शिस्तीला आधार लागतो. धुरंधरांना महिन्याचा पगार होता आणि उजेडाचा वर्ग होता. शिल्पकार विनायक करमरकरांची गोष्ट प्रसिद्ध आहे. सासवणे गावातल्या देवळाच्या भिंतीवर या मुलाने काढलेले शिवाजी महाराजांचे चित्र तिथल्या कलेक्टरांनी पाहिले आणि त्याची जे. जे.मध्ये सोय केली. हे कलेक्टर म्हणजे तेच ऑटो रॉथफेल्ड, ज्यांच्या पुस्तकाला पुढे धुरंधरांची चित्रे आली. ते त्या वाटेने गेले नसते तर तो हात भिंतीपुरताच राहिला असता. अशी किती भिंतींवरची चित्रे कोणाच्या नजरेला न पडता चुन्याखाली गेली असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांतल्या आपल्या मुलांपाशी ‘चित्रकला ही देणगी आहे’ असे आपण बोलतो, तेव्हा त्याचा अर्थ ते कसा लावतात याचा विचार करा. दोन-तीन चित्रे बिघडली की मूल ठरवते, ‘मला नाही येत.’ देणगी मिळाली नाही तर मागायची कोणाकडे? उलट त्याला सांगितले, की तिरका पेला नीट काढायला धुरंधरांनाही पुष्कळ कागद लागले असतील, तर ते दुसरा कागद घेते. देणगीची भाषा मुलाला घरी पाठवते आणि सरावाची भाषा त्याला उद्या पुन्हा यायला सांगते. एका शब्दाच्या निवडीने एवढा फरक पडतो आणि शब्दांची निवड हे तर आपल्या सर्वांचे काम आहे.

आज हा प्रश्न अधिक निकडीचा झाला आहे. आलेखाचा कागद गेला, संगणक आला. त्यात वाईट काही नाही; कोणाचे डोळे वाचत असतील तर ते चांगलेच आहे. आता तर यंत्राला चार शब्द सांगितले की क्षणात चित्र तयार होते. विद्यार्थी मला विचारतात, ‘मॅडम, मग आता चित्र शिकायचे कशाला?’ मी त्यांना अजिंठ्याच्या प्रतिकृतींची गोष्ट सांगते. चित्र हाती येणे एवढाच हेतू असेल तर यंत्र पुरेसे आहे. पण एखादे पान अर्धा तास पाहून काढल्यावर शिरा देठापासून कशा फुटतात हे ज्याला कळते, त्याच्यात झालेला बदल यंत्राकडून उसना घेता येत नाही. निबंध दुसऱ्याकडून लिहून घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती निबंध येतो, पण विचार करायची सवय येत नाही. हेही तसेच आहे.

म्हणून शेवटी तीन साध्या सूचना करते.

शिक्षकांना विनंती आहे की, चित्रकलेचा तास गणितासाठी किंवा राहिलेल्या अभ्यासक्रमासाठी काढून घेऊ नका. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा मुंबई इलाख्याच्या काळापासून चालत आलेला वारसा आहे. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये दोन्हीकडे त्या होतात. आपल्या मराठी शाळांतली मुले त्यांना बसतील असे पाहा. भाषेच्या शिक्षकानेही महिन्यातून एकदा मुलांना वर्णन लिहिण्याआधी ती वस्तू काढायला सांगावी. निबंधातली ‘रम्य’, ‘मनोहर’ ही विशेषणे आपोआप कमी होतील आणि त्यांच्या जागी वस्तू दिसू लागतील.

लेखकांना इतकेच सांगेन, की चित्रकारांची आत्मकथने आणि टिपणे वाचा. धुरंधर आणि बरवे तर वाचाच, पण धुरंधरांच्या कन्या अंबिका धुरंधर यांचे ‘माझी स्मरणचित्रे’ही वाचा. त्या स्वतः जे. जे.मध्ये शिकलेल्या चित्रकार होत्या. आपण पहिला खर्डा छापायला पाठवण्याची घाई करतो, तेव्हा सुकण्यासाठी थांबलेला जलरंग आठवावा.

तिसरी सूचना अकादमीसाठी आणि विद्यार्थ्यांसाठी आहे. सुरतेत हाताने नक्षी काढणारी पिढी आता साठी-सत्तरीत आहे. त्यांच्या बोलीत मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी एकत्र नांदते. बुट्टा, जाल, बेल, रिपीट, मॅचिंग असे कितीतरी शब्द ते वापरतात आणि त्यांतल्या अनेकांचा तिथला नेमका अर्थ कोणत्याच कोशात सापडणार नाही. मराठी विभागाच्या विद्यार्थ्यांनी या माणसांकडे जावे, त्यांचा दिवस कसा जायचा ते विचारावे, शब्द लिहून घ्यावेत, जुने कागद असतील तर त्यांची छायाचित्रे काढावीत. अकादमीने ते छापावे. रॉथफेल्डसारखा कलेक्टर वाटेने जाण्याची वाट पाहत बसण्यापेक्षा हे काम सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्थेने करणे अधिक योग्य.

चित्रकाराच्या मेहनतीला मराठीत खास शब्द नाही, असे मी सुरुवातीला म्हणाले. ‘रियाज’ हा शब्द आपण गाण्याकडून उसना घेऊ शकतो, त्याला कोणाची हरकत नसावी. पुढच्या वेळी एखादे मूल वही घेऊन बसलेले दिसले तर रेघोट्या हा शब्द तोंडावर येऊ देऊ नका. ‘रियाज चालू आहे’ असे म्हणा, आणि शक्य झाले तर त्याला आणखी एक कागद आणून द्या.